सोल बदलावा की बूटच? (कामाचे बूट, मोटरसायकल आणि एक घसरलेला पाय)

गिअरपेडल | रविवार, रात्री ९.१२

मंडळी, प्रश्न साधा आहे. पण घरात विचारला तर 'फेकून दे' एवढंच उत्तर मिळतं, म्हणून इथे टाकतोय.

माझ्याकडे नऊ वर्षं वापरलेले चामड्याचे कामाचे बूट आहेत. घोट्याच्या वर चार बोटं येतात, लेसचे आहेत, पुढे स्टीलची टोपी नाही. दिवसभर यंत्रांजवळ उभं राहायचं ते यांतच आणि जाता-येता मोटरसायकलही यांतच. वरचं चामडं अजून ठणठणीत आहे. डाव्या बुटाच्या चवड्यावर गिअरने घासून घासून एक काळपट खळगा पडलाय, तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

तळ मात्र गेला. टाचा बाहेरच्या अंगाने तिरक्या झिजल्यात. दोन्ही बुटांच्या मधोमध फूटरेस्टने आडवी खाच पाडलीये. परवा पावसात सिग्नलला डावा पाय टेकला तर तो मला न विचारता पुढे निघून गेला. गाडी सावरली, अब्रू नाही सावरता आली.

तर सोल बदलून घेण्यात अर्थ आहे का? घ्यायचा तर कसला? आणि मुळात कामाचे बूट गाडीवर वापरणं कितपत शहाणपणाचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वाचनमात्र | रविवार, रात्री ९.२०

रुमाल टाकून ठेवतो. माझेही असेच एक जोड बूट माळ्यावर आहेत. अगदी जपून ठेवलेत, खोक्यात, कागदात गुंडाळून.

तेलकट_हात | रविवार, रात्री ९.५१

'फेकून दे' म्हणणाऱ्यांच्या हाती ते लागू देऊ नका, हे पहिलं. दुसरं, कोणाला विचारण्याआधी बूट हातात घ्या आणि उजेडात धरा. वरचं चामडं जिथे सोलला भेटतं तिथे बाहेर आलेली चामड्याची अरुंद पट्टी दिसते का? तिच्यावर ओळीने टाके आहेत का? मग बूट उलटा करून बघा, सोलच्या कडेने तशीच टाक्यांची ओळ आहे का (झिजून गेली असेल तर निदान तिची खोबण)? आणि शेवटी इनसोल काढून आत हात घाला. आत टाके बोटाला लागतात का?

हे सांगा, मग पुढचं बोलू. काही बूट सोल बदलण्यासाठीच बांधलेले असतात आणि काही फेकण्यासाठी. वरून दोन्ही सारखेच रुबाबदार दिसतात.

गिअरपेडल | रविवार, रात्री १०.०५

पट्टी आहे. टाके आहेत. खाली टाचेजवळ थोडे दिसतात, पुढे झिजून गेलेत. आत हात घातला, टाके लागले नाहीत. हाताला वास मात्र लागला. तो जाईना झालाय.

मुक्ता_स | रविवार, रात्री १०.११

नऊ वर्षांचा वास!! :हाहा:

आरी_रापी | सोमवार, सकाळी ७.३०

हे माझं रोजचं काम आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पट्टीवर टाके, आत टाके नाहीत, म्हणजे बूट गुडइयर वेल्ट पद्धतीचा आहे. ती बाहेरची पट्टी म्हणजे वेल्ट. यात शिवण दोनदा होते. पहिली शिवण वरचं चामडं, आतला तळ आणि वेल्ट यांना एकत्र बांधते. दुसरी शिवण फक्त वेल्ट आणि खालचा सोल यांना. सोल बदलताना दुसरीच उसवायची. वरच्या चामड्याला सुई लागतच नाही, म्हणून असे बूट दोन-तीनदा सहज नव्याने तळतात. चांगल्या हातात गेले तर त्याहून जास्त वेळाही.

आत टाके लागले असते तर ब्लेक शिवण म्हणालो असतो. तिच्यात एकच शिवण आतल्या तळापासून थेट सोलपर्यंत जाते. सोल तिचाही बदलतो, पण त्यासाठी वेगळं मशीन लागतं आणि त्या टाक्यांच्या भोकांतून पाणी आत झिरपायला वाट मिळते. कुठेच टाके नसतील तर सोल चिकटवलेला किंवा साच्यात ओतलेला. चिकटवलेला सपाट सोल सोडवून नवा लावता येतो. ओतलेल्याच्या नादी मी लागत नाही. गिऱ्हाईक हट्टच धरतं तेव्हा घासून वर दुसरा चिकटवून देतो, पण टिकण्याची हमी देत नाही.

गिअरपेडल, तुमचा बूट उघडल्यावर काय दिसेल ते आत्ताच सांगतो. आधी टाच निघते, खिळ्यांसकट. मग वेल्ट आणि सोल यांच्या फटीत रापी फिरवून टाके कापत यायचं आणि सोल चवड्याकडून मागे ओढायचा. आत बुचाचा भुगा-डिंक असा काळा थर असतो. नवीन असताना सपाट भरलेला असतो. नऊ वर्षांनी त्यात तुमच्या पायाचा ठसा उमटलेला दिसेल, अंगठ्याखाली खोल, कमानीपाशी उंच. बाजूला बोटांखाली तो तुकडे होऊन सरकलेला असतो. तो खरवडून नवा भरायचा. त्यामुळे बूट परत आल्यावर दोन आठवडे अनोळखी वाटतो. मग लोक येऊन म्हणतात, 'तुम्ही बूट बदललात का?' बूट तोच असतो, आतला ठसा गेलेला असतो.

कमानीखाली स्टीलची एक पट्टी असते, शँक म्हणतात. ती बघायला सांगा. गाडीवाल्यांच्या बुटांत ती फूटरेस्टपाशी वाकलेली किंवा गंजून मोडलेली निघते. सोल उघडलेलाच असतो, त्याच वेळी बदलून घ्या.

आणि उशीर करू नका. सोल झिजून वेल्टच घासायला लागला की काम तिपटीने वाढतं. मग वेल्टही नवा शिवावा लागतो.

गिअरपेडल | सोमवार, सकाळी ८.०२

दंडवत! वास बहुतेक त्या बुचाचा असावा असं घरी सांगतो.

मुक्ता_स | सोमवार, सकाळी ९.४०

गुडइयर म्हणजे टायरवाली कंपनीच का? ती बूटही शिवते?

तेलकट_हात | सोमवार, सकाळी १०.१५

नाही हो. रबराला गंधक आणि उष्णता देऊन टिकाऊ करण्याचं पेटंट १८४४ मध्ये घेतलं ते चार्ल्स गुडइयर यांनी. वेल्ट शिवायच्या यंत्राचं श्रेय जातं त्यांच्या मुलाला, त्याचं नावही चार्ल्सच. साल १८६९. टायरची कंपनी निघाली १८९८ मध्ये. तिने थोरल्या गुडइयरच्या सन्मानार्थ नाव घेतलं, कुटुंबाचा काही संबंध नव्हता. म्हणजे बापाचं नाव गाडीच्या तळाला आणि लेकाचं बुटाच्या तळाला. रस्त्याला दोघेही लागले.

मुक्ता_स | सोमवार, सकाळी १०.२०

'रस्त्याला लागले' :हाहा: हे वहीत लिहून ठेवते.

ब्रेकलाइनर | सोमवार, दुपारी १.०५

रंगाचा बेरंग करतो, माफी असावी. सगळे सोलवर बोलताहेत आणि धागाकर्त्याच्या तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी बघत नाहीये. कामाचे बूट हे गाडीचे बूट नाहीत. जाड चामडं दिसलं की माणसाला सुरक्षित वाटतं, आणि गोची तिथेच आहे.

युरोपात मोटरसायकलच्या बुटांसाठी ईएन १३६३४ हे मानक आहे. त्यानुसार तपासलेल्या बुटात गाडीवर बसलेल्या माणसाची छोटी खूण असते आणि तिच्याखाली चार आकडे, प्रत्येक १ किंवा २. पहिला बुटाच्या उंचीचा, दुसरा घासलं गेल्यावर बूट किती टिकतो त्याचा, तिसरा कापलं जाण्याला विरोध किती त्याचा. चौथा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, बूट आडवा दाबला गेला तर किती चेपतो त्याचा. गाडी आडवी पडून पाय तिच्याखाली सापडतो तेव्हा हाच चौथा आकडा कामाला येतो. घोट्यावर आणि नडगीवर आघात झेलणारी कवचं असतील तर त्यांची खूण वेगळी.

तुमच्या बुटात यातलं काय आहे? उंची आहे. चामडं आहे. घोट्याच्या हाडावर कवच नाही, आडवा दाब कोणी मोजलेला नाही. माझा स्वतःचा उजवा घोटा अशाच 'मजबूत' बुटात मोडला. ताशी तीसच्या आसपास होतो, वाळूवर पुढचं चाक गेलं. बुटावर ओरखडा नव्हता! डॉक्टरांनी तो कापायला घेतला तेव्हा मीच विनवण्या केल्या की लेस सोडून काढा, चांगला आहे.

आरी_रापी | सोमवार, दुपारी २.३०

ब्रेकलाइनर यांना पूर्ण अनुमोदन. मी सोल शिवतो, घोटा नाही शिवता येत.

किकमारके | सोमवार, दुपारी ३.१०

सहमत नाही. रोजच्या पाच-सात किलोमीटरला कडक बूट घालून कामावर दिवसभर उभं राहून दाखवा. चौथ्या दिवशी माणूस कंटाळून चपलेवर येतो. घोट्याच्या वर जाणारा, घट्ट बांधलेला चामड्याचा बूट हा चपलेपेक्षा आणि कापडी बुटापेक्षा हजार पटीने बरा. निदान पडल्यावर पायात तरी राहतो. तुम्ही तुलना कशाशी करताय त्यावर सगळं आहे.

ब्रेकलाइनर | सोमवार, दुपारी ३.२५

चपलेशी तुलना करून कोणीही जिंकतं. मी एवढंच म्हणतोय की नवा सोल लावला म्हणजे बूट गाडीचा झाला असं समजू नका. लांबच्या पल्ल्याला वेगळा जोड ठेवा. रोजच्याला हेच घाला, मी कोण अडवणार.

किकमारके | सोमवार, दुपारी ३.३१

मग आपण एकच बोलतोय की. भांडण कशाला केलं एवढं?

ब्रेकलाइनर | सोमवार, दुपारी ३.३२

दुपारी झोप येऊ नये म्हणून.

कडबोळी | सोमवार, संध्याकाळी ६.४५

स्टीलच्या टोपीचे बूट गाडीवर घालू नयेत, वजन पडलं तर टोपी वाकून बोटं कापते असं ऐकलंय. खरं का?

तेलकट_हात | सोमवार, संध्याकाळी ७.१०

कारखान्यात नव्या पोराला पहिल्याच दिवशी ऐकवायची ही गोष्ट आहे. आयएसओ २०३४५ मानकाच्या सुरक्षा बुटाची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते. म्हणजे साधारण २० किलोचं वजन मीटरभर उंचीवरून थेट बोटांवर. शिवाय १५ किलोन्यूटनचा दाब, म्हणजे दीड टनाच्या आसपास भार. ती टोपी वाकवण्याएवढं काही पायावर आलं, तर टोपी नसताना त्या बोटांचं काय झालं असतं याचा विचार करा.

गाडीवर खरी अडचण वेगळीच. टोपीमुळे बुटाचं नाक फुगीर होतं आणि गिअरच्या दांड्याखाली शिरताना अडतं. आणि गिअर पडला की नाही हे चवड्याला कळत नाही. मी वर्षभर चालवली तशी. दुसरा समजून पहिल्यातच किती वेळा ओरडवली असेल, मोजदाद नाही.

मुक्ता_स | सोमवार, रात्री ८.५५

लेसबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून माझी कहाणी सांगते.

नवे लेसचे बूट, मोठ्या हौसेने बांधलेली फुलपाखरासारखी गाठ. उजव्या बुटाचा एक फासा चालवता चालवता किकच्या दांड्यात जाऊन बसला. मला पत्ता नाही. उजव्या वळणावर गाडी थांबवली, रस्ता उजवीकडे उतरता, म्हणून उजवा पाय टेकायला गेले. पाय येईना. खाली बघितलं तर नाडी ताणलेली आणि पाय किकला बांधलेला, गुरासारखा. त्या दीड सेकंदात माणूस काय काय विचार करतो! मग मी आणि गाडी, दोघी अगदी सावकाश, एखादं झाड कोसळावं तशा उजवीकडे आडव्या झालो. लागलं काही नाही. पाठीमागचे काका उतरून आले आणि आधी नाडी सोडवायला वाकले. मला उठवायचं नंतर.

तेव्हापासून गाठ बाहेरच्या बाजूला आणि दोन्ही फासे बुटाच्या आत खोचलेले. डाव्या पायाला गिअर, उजव्याला किक किंवा ब्रेक. फासा मोकळा सोडला तर कुठेतरी अडकणारच.

अर्धाक्लच | सोमवार, रात्री ९.२०

म्हणून तर बिनलेसचे 'इंजिनिअर बूट' मोटरसायकलवाल्यांनी उचलले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत निघाले, उंच नळीचे, वर आणि घोट्यापाशी बक्कल. वाफेच्या इंजिनावर काम करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले. लेस नाही, म्हणजे यंत्रात अडकायला काही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ते गाडीवाल्यांच्या पायात गेले आणि तिथेच राहिले.

कडबोळी | सोमवार, रात्री ९.२४

मी इंजिनिअर आहे. मला कंपनीने साधे मोजेही दिले नाहीत.

गिअरपेडल | मंगळवार, सकाळी ७.५०

मंडळी, फासे आजच आत खोचले. आता मूळ मुद्दा, सोल कसला लावू? मला तर मोठे खोल दात असलेला आवडलाय. रणगाड्याच्या पट्ट्यासारखा दिसतो.

अर्धाक्लच | मंगळवार, सकाळी ८.१५

दिसतो कारण त्याचं नावच ते आहे. व्हिब्राम या सोल बनवणाऱ्या कंपनीचा पहिला दातेरी सोल 'कारारमातो', म्हणजे इटालियनमध्ये रणगाडा. विताले ब्रामानी या गिर्यारोहकाने काढला, १९३७ मध्ये. त्याआधी दोन वर्षं त्याचे सहा सोबती आल्प्समध्ये दगावले होते, अपुऱ्या पादत्राणांमुळे. त्याच्या नावाची आणि आडनावाची सुरुवातीची अक्षरं जोडून व्हिब्राम झालं. म्हणजे तो सोल डोंगरासाठी जन्मला. फूटरेस्टसाठी नाही.

आरी_रापी | मंगळवार, दुपारी १२.४०

सोल निवडताना बूट बघू नका, गाडी बघा.

खोल दाताचा सोल चिखलात आणि खडीवर राजा. पण ओल्या गुळगुळीत फरशीवर किंवा रस्त्यावरच्या रंगाच्या पट्ट्यांवर त्याचा फायदा नाही, कारण तिथे दात रुतायला काही नसतं, फक्त रबर किती टेकतं तेवढंच. शिवाय दातांत खडे अडकतात आणि फूटरेस्टवर पाय पुढे-मागे सरकवताना दात धरून ठेवतात.

पूर्ण सपाट वेज सोल दिवसभर काँक्रीटवर उभं राहायला झकास, पायाला आराम. पण त्याला टाचेचा खटका नसतो. फूटरेस्टवर पाय कुठे आहे हे टाचेच्या पुढच्या कडेवरून कळतं, ते इथे कळत नाही. आणि तो मऊ असतो. तुमच्या फूटरेस्टवर रबर असेल तर निभावेल, धातूचे दातेरी असतील तर ते त्याला किसणीसारखं किसतील.

कच्च्या रबराचा पिवळसर क्रेप कोणी सुचवला तर नको म्हणा. पेट्रोल आणि ऑइल लागलं की तो फुगून चिकट होतो. नायट्राइल मिश्रणाचं, तेलाला दाद न देणारं रबर मागा.

तुमच्यासाठी मी लावीन तो आखूड दातांचा, मध्यम जाडीचा, वेगळी टाच असलेला सोल. टाचेखाली लोखंडी नाल मारून देऊ का असं कोणी विचारलं तर पळा तिथून. नालेने टाच टिकते, पण ओल्या डांबरावर पाय टेकलात की परत अब्रूचा प्रश्न.

किकमारके | मंगळवार, दुपारी १.००

+१ आखूड दात. आणि सायलेन्सरपासून पाय लांब. माझ्या उजव्या टाचेचा नकाशा सायलेन्सरवर छापलेला आहे. घासून जात नाही, विकताना गिऱ्हाइकाने विचारलं हा कुठला देश.

गिअरपेडल | मंगळवार, रात्री ९.३०

ठरलं. बूट टाकून आलो. कारागिराकडे आखूड दातांचा माझ्या मापात नव्हता, आठ दिवस थांबा म्हणाला. मग म्हटलं जाऊ दे, रणगाडाच लावा. :लाजणे:

आरी_रापी | मंगळवार, रात्री ९.४१

मग इथे विचारलंत कशाला?

वाचनमात्र | शनिवार, दुपारी ४.१८

तुम्हा लोकांचं वाचून माळ्यावरचे बूट आज काढले. सहा-सात वर्षांपूर्वी घेतलेले, जेमतेम दहा वेळा घातलेले. चामडं चकचकीत. पायात घातले, जिना उतरलो. पाचव्या पायरीला काहीतरी भुसभुशीत लागलं. मागे वळून बघतो तर प्रत्येक पायरीवर काळ्या चुऱ्याचा ढीग. खाली पोहोचेपर्यंत उजव्या बुटाला टाचच उरली नाही. घरात विचारताहेत की माती कुठून आणली.

हे झालं काय? मी तर वापरलेच नव्हते!

आरी_रापी | शनिवार, संध्याकाळी ५.३०

वापरले नव्हते म्हणूनच लवकर लक्षात आलं नाही. सोल पॉलियुरेथेनचा असणार. हवेतल्या ओलाव्याने त्याच्या रेणूंच्या साखळ्या आतून तुटत जातात, बूट पायात असो की खोक्यात. बंद जागेत ओल कोंडते, ते आणखी वाईट. वरून महिनोन्महिने धड दिसतो आणि एक दिवस बिस्किटासारखा भुगा होतो. गाडीवर असताना झालं नाही हे नशीब समजा. रबराच्या सोलचं असं होत नाही, तो कडक होतो, चिरा पडतात, पण आधी सांगून जातो.

कडेला पट्टी आणि टाके आहेत का बघा. असतील तर रबराचा सोल बसेल.

वाचनमात्र | शनिवार, संध्याकाळी ५.४४

पट्टी आहे. टाके पण दिसताहेत... पण बोटाने दाबले तर ते रबरावर नुसते उमटवलेले आहेत. खोटे टाके!

मुक्ता_स | शनिवार, संध्याकाळी ५.५०

अरेरे. भावपूर्ण श्रद्धांजली.

तेलकट_हात | शनिवार, संध्याकाळी ६.०५

नक्षीचे टाके ही जुनी चलाखी. ओळखायची खूण म्हणजे खरा दोरा नखाने थोडा हलतो, आणि भोकाच्या कडा सगळ्या एकसारख्या नसतात.

गिअरपेडल | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११.२०

बूट येऊन बारा दिवस झाले. वृत्तान्त देतो, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या.

काम देखणं झालंय. शँक खरंच वाकलेली निघाली, नवी घातली. पायाचा ठसा मला दाखवायला कारागिराने ते बूच काढून ठेवलं होतं. आरी_रापी म्हणाले तसंच, अंगठ्याखाली खड्डा, बोटांखाली चुरा. नऊ वर्षं मी त्यावर उभा होतो, जरा गलबलून आलं.

मग गाडीवर बसलो. पहिला टाकला, दुसऱ्यासाठी पाय गिअरखाली घालायला गेलो तर बुटाचं नाक शिरेचना. सोल जाड झाला म्हणजे वरची बाजूही तेवढीच वर गेली, दांडा मात्र जागच्या जागी. पहिल्या गिअरमध्ये किंचाळत कामावर पोहोचलो. संध्याकाळी दांडा त्याच्या दातेरी शाफ्टवरून काढून शाफ्टचा एक दात वर बसवला, तेव्हा कुठे पाय गेला.

दोन दिवसांनी एक मित्र मागून येत होता. सिग्नलला शेजारी येऊन म्हणतो, 'तू ब्रेक दाबून का चालवतोस?' मी म्हटलं, छे. तर म्हणे, तुझा ब्रेकचा दिवा गेली दोन किलोमीटर पेटलेला आहे. घरी येऊन मागच्या डिस्कजवळ हात नेला तर धग लागली. मग बूट आणि पेडल दोन्हीकडे नीट बघितलं. या सोलची कंबर बारीक आणि गुळगुळीत आहे, ती फूटरेस्टवर बसते. पुढचे दात मात्र त्याच्या खाली चांगले बोटभर लोंबतात, ते थेट ब्रेकच्या पेडलवर. मला वाटायचं पाय नुसता ठेवलाय.

आरी_रापी | रविवार, सकाळी ११.३२

सोल निवडताना गाडी बघा म्हणालो होतो ते याच्यासाठीच. आता पेडल खाली घ्या, पण त्यानंतर ब्रेकच्या दिव्याचा स्विच आणि पेडलचा मोकळा फेरा (ब्रेक लागण्याआधी ते हलतं तेवढा) दोन्ही परत लावा. नाहीतर आता कायम जळतोय तो दिवा उद्या लागणारच नाही.

गिअरपेडल | रविवार, सकाळी ११.४०

ते केलंय. पेडल खाली, स्विच नव्याने लावला, हाताने दाबून दिवा तपासला. आता ठीक आहे. पहिले दोन दिवस नवा सोल निसरडाही होता, ओल्या फरशीवर तर बर्फच. सँडपेपरने तळ चांगला घासला तेव्हा पकड आली.

आरी_रापी | रविवार, सकाळी ११.४६

साच्यातून निघालेल्या रबरावर गुळगुळीत पापुद्रा असतो तो. मी देण्याआधीच घासून देतो. डाव्या चवड्याच्या खळग्याचं काय केलंत?

गिअरपेडल | रविवार, सकाळी ११.५५

कारागीर चामड्याचा ठिगळ शिवून देतो म्हणाला. मी थांबवलं. इथे कोणीतरी बोलेल असं वाटलं.

आरी_रापी | रविवार, दुपारी १२.०३

बरं केलंत. चवड्यावर शिवण मारली की प्रत्येक भोकातून पाणी. एक तर ठिगळाच्या कडा पातळ खरवडून नुसता चिकटवा, नाहीतर गिअरच्या दांड्यावर रबराची टोपी चढवा. खळग्यात तेल चोपडत बसू नका. जास्त तेलाने चामडं लोळागोळा होतं आणि घोट्याला जो काही थोडा आधार आहे तोही जातो. आणि भिजले तर सायलेन्सरजवळ वाळवायचे नाहीत. कागद कोंबा, सावलीत ठेवा.

ब्रेकलाइनर | रविवार, दुपारी १२.४०

अभिनंदन. घोट्याचं मी परत काढत नाही.

गिअरपेडल | रविवार, दुपारी १२.४४

काढा की. पुढच्या महिन्यात लांब जायचंय, त्या चार आकड्यांचा एक जोड बघून ठेवलाय. चौथा आकडा २ आहे, आधी तेवढंच बघितलं.

मुक्ता_स | रविवार, दुपारी १.१०

आणि लेस?

गिअरपेडल | रविवार, दुपारी १.१२

झिप आहे. वर चिकटपट्टी. फासा शोधूनही सापडणार नाही.

वाचनमात्र | रविवार, दुपारी १.३०

रुमाल उचलतो. जिना पुसायला लागतोय, अजून फटींतून काळं निघतंय.